अफूचे शहर आणि मॉर्फिनची चिठ्ठी

थ्रेड 🧵

चारकोप आणि एक कायदा, दोघांचे वर्ष एकच: १९८५. त्या वर्षी जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प मंजूर झाला आणि कांदिवलीच्या पश्चिमेस सेक्टरांचे चारकोप आकारू लागले. (जुने गावठाण त्याहून कितीतरी आधीचे.) त्याच वर्षी संसदेने एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा केला. या सेक्टरांत पुढे दवाखाने थाटणाऱ्या फॅमिली डॉक्टरांच्या लेखणीवर त्या कायद्याची सावली पडायची होती.

थोडे मागे जाऊ. माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जाई. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले.

मॉर्फिन अफूतूनच निघते. नव्या कायद्याने त्याच्या वैद्यकीय वापरावर बंदी घातली नव्हती. परंतु किमान दहा वर्षांच्या कारावासाची धास्ती, राज्यागणिक वेगळे नियम आणि अनेक परवान्यांची दगदग यांमुळे रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. १९९७ मध्ये साऱ्या देशाचा वैद्यकीय वापर अवघ्या १८ किलोंवर आला. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांतून मात्र परदेशी औषधनिर्मात्यांसाठी अफू जातच होती!

दैव पाहा: १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी मॉर्फिनची शिफारस केली. त्याच वर्षी वांद्र्यात ‘शांती अवेदना सदन’ सुरू झाले.

माझ्या मते खरी हानी शिक्षणाची झाली. जे औषध वॉर्डात नाही, त्याची मात्रा विद्यार्थी शिकणार कोठून? तेच विद्यार्थी पुढे शिक्षक झाले. टाटा स्मारक रुग्णालयात वेदनाशामक उपचारांची एम.डी. पदवी २०१२ मध्ये आली. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचा गुंता सोडवला. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात हा विषय २०१९ मध्ये शिरला.

गुडघ्याच्या, कंबरेच्या जुनाट दुखण्याचा प्रश्न निराळा. अमेरिकेत १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन आले आणि कंपनीच्या आक्रमक प्रचारानंतर फॅमिली डॉक्टर कंबरदुखीलाही ते लिहू लागले. परिणाम सर्वज्ञात आहे. आपल्याकडे ती पोकळी ट्रॅमाडॉलने भरली. हेही अफूच्याच जातकुळीचे कृत्रिम औषध. पण एप्रिल २०१८ पर्यंत ते एनडीपीएसच्या कक्षेबाहेर होते.

फॅमिली मेडिसिनचे प्रशिक्षण घेणाऱ्या एका मैत्रिणीला परवा विचारले. मॉर्फिनची चिठ्ठी तिने अद्याप एकदाही लिहिलेली नाही. ट्रॅमाडॉलच्या किती लिहिल्या, ते तिला सांगता येईना.