तळटीप : सोनोरातले अंजन गवत

७. लेखकाने ज्याला ‘बफेल’ म्हटले आहे ते आपल्याकडचे अंजन गवत (सेंक्रस सिलिअॅरिस). आपल्या कोरडवाहू भागात त्याची चारा म्हणून मुद्दाम लागवड होते. ॲरिझोनातही ते विसाव्या शतकात चाऱ्यासाठी आणि जमिनीची धूप थांबवायलाच नेले गेले. ‘एकदा उपटले की रान मोकळे’ हे लेखकाचे वाक्य मात्र भाबडे वाटते. या गवताचे ताजे बी सहसा लगेच रुजत नाही. राठ केसांच्या कणसातून सुटलेले ते बोंड काही महिने सुप्त राहते. मग जमीन तापलेली असताना उन्हाळी पाऊस झाला (तिथेही त्याला मान्सूनच म्हणतात), की वरच्या एक-दोन सेंटिमीटर मातीतले बी कोंब काढते. फार खोल गाडले गेलेले सहसा वर येत नाही. सगळे बी एकाच पावसात उगवत नाही, उरलेले मातीत काही वर्षे तग धरते. म्हणून उपटणाऱ्यांना त्याच उतारावर पुन्हा पुन्हा जावे लागते. वणव्याचाही उपयोग नाही: ठोंब बुडख्यातून फुटतो, जळतात ते साग्वारो निवडुंग. – सं.