टपालाने आलेली विद्या



स्मरणिकेसाठी काही लिहा, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा मला संकोच वाटला. माझी शाळा सातवीतच सुटली. पण घरबसल्या शिक्षणाची हकीकत जशी समजली तशी सांगावी, म्हणून धीर केला.

चार वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायू झाला व त्या अंथरुणाला खिळल्या. त्याच वेळी माझी भाची नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून रुग्णसेवेचा अभ्यास करीत होती. दुपारी भांडी आवरली की मी तिची पुस्तके चाळी. रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला व कमरेला जखमा होतात, हे मी त्यांतच वाचले. तोवर 'त्यांना निजू द्यावे, हलवू नये' यालाच मी सेवा समजत होते. एक जखम तोपर्यंत झालीही होती. ती पाहून मला रडू आले. हे ज्ञान एवढ्या उशिरा का मिळावे, असे वाटले आणि त्यामागचा इतिहास भाचीला विचारू लागले.

आनंदीबाई जोशी आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचे तान्हे मूल दहा दिवसांत गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते व बायकोला घरीच शिकवीत. पण वैद्यकी घरी कोण शिकवणार? १८८३ साली त्या बोटीने अमेरिकेस गेल्या व १८८६ साली डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, मायदेशी परतल्यावर त्या वारल्या. विद्येसाठी बाईला समुद्र ओलांडावा लागे, असा तो काळ होता.

पुढे टपालानेच विद्या घरी येऊ लागली. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ निघाले आणि १९८९ साली आपल्या नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. नोकरी करणाऱ्या परिचारिकांना रजा न घेता पदवी मिळावी, म्हणून इंदिरा गांधी विद्यापीठाने १९९४ साली अभ्यासक्रम काढला. त्यातही प्रात्यक्षिकासाठी दवाखान्यात जावेच लागे.

प्रात्यक्षिकाचे महत्त्व मला घरातच कळले. पुस्तकातले चित्र पाहून मी सासूबाईंना वळवू गेले, तर त्यांना कळ लागली व माझी कंबर धरली. मग भाचीने दवाखान्यात शिकलेली रीत दाखविली. अंगाखाली आडवी चादर घालावयाची, गुडघे थोडे वाकवावयाचे आणि चादर धरून हळूच वळवावयाचे. दोन मिनिटांचे काम, पण कोणी हात धरून दाखविल्याखेरीज ते मला जमले नसते.

म्हणूनच २०२५ सालचा सरकारी निर्णय वाचून माझे मन दुभंगले. २०२१ च्या कायद्याखाली येणारे आरोग्याचे विषय, मानसशास्त्र व आहारशास्त्रासुद्धा, त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून दूरशिक्षणाने शिकवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरविले. रोग्याच्या जिवाशी खेळ नको, हे मला पटते. नुसत्या कागदावर शिकलेल्या हाती मी सासूबाईंना दिले नसते. पण ज्या बाईला घर सोडून वसतिगृहात राहता येत नाही, तिने काय करावे? तिच्यापुढे दार लागले, त्याचे दुःख कोणी मोजावयाचे?

पदव्या देणे आपल्या मंडळाच्या हातात नाही. पण महिन्यातून एक दुपार जाणत्या परिचारिकेला बोलावून कूस बदलणे, जखम पुसणे, ताप पाहणे एवढे तर आपण शिकू शकतो. घरातले आजारी माणूस अखेर आपल्याच हाती असते.

सासूबाई गेल्या श्रावणात गेल्या. ती जखम भरून आली होती. त्यानंतर त्यांच्या पाठीला दुसरी झाली नाही. माझी परीक्षा तीच, आणि तिच्यात मी उत्तीर्ण झाले असे समजते.