शिसवी पलंग आणि शंभर वर्षांची रेघ

आजचा विषय लढाईचा नाही, लाकूडसामानाचा आहे. ओळखीपाळखीतून एक प्रश्न वरचेवर येतो. मुलं अमेरिकेत नाहीतर ऑस्ट्रेलियात स्थिरावली, पुण्या-बेळगावचं जुनं घर विकायला काढलंय, आता पणजोबांचा शिसवी पलंग, झोपाळा आणि देव्हारा तिकडे नेता येईल का? मी होसकोट्याला राहतो, म्हणून लोकांना वाटतं की मला कंटेनरमधलं कळत असेल. व्हाइटफील्डचा कंटेनर डेपो आमच्या शेजारचाच. तिथे भरलेला कंटेनर रेल्वेने चेन्नई बंदराला जातो. एवढंच मला ठाऊक. पण डेपोपर्यंत जाण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो आणि तो इतिहासाचा आहे: हा पलंग नेमका किती वर्षांचा?

१९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार कलाकुसरीची जी वस्तू शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, तो पुरावशेष. तो देशाबाहेर पाठवायचा अधिकार केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला. तुम्हा-आम्हाला नाही. कायदा मोडला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि वर दंड. वस्तू आपल्या मालकीची आहे, चोरीची नाही, विकायचीही नाही, या सगळ्याने काही फरक पडत नाही. आणि ही शंभर वर्षांची रेघ जागेवर थांबत नाही, दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. १९२६ साली सुताराने बनवलेली कोरीव खुर्ची काल-परवापर्यंत नुसती खुर्ची होती, २०२६ मध्ये ती रेघेपलीकडे गेली.

यातली गंमत अशी, की पाहुणे आले की पलंग दीडशे वर्षांचा असतो. कुणी म्हणतं पेशवाईतला, कुणी म्हणतं त्याच्याही आधीचा. कस्टम्सचा विषय निघाला की तोच पलंग एकदम सत्तर वर्षांचा होतो. दोन्ही वेळा कागद कुणीच बघितलेला नसतो.

माझं मत विचाराल, तर पेशवाईतल्या फर्निचरच्या बहुतेक कथा सोडून द्याव्यात. मराठी घरात तेव्हा फर्निचर होतंच किती? बसायला जाजम, गादी, लोड, तक्के. जेवायला पाट, पूजेला चौरंग आणि देव्हारा, सामानाला संदूक, ऐपत असेल तर पलंग आणि झोपाळा. सवाई माधवरावांच्या दरबारात मॅलेट तहाचा कागद देतो आहे, असं थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलेलं चित्र आहे. त्यात दरबारी बैठक मारून बसले आहेत. खुर्ची, टेबल, आरशाचं कपाट ही मंडळी आपल्या घरात शिरली ती बहुतांशी इंग्रजी अमदानीत. मुंबईत कोरीव शिसवी सामानाचा मोठा धंदा उभा राहिला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही ते सामान मांडलं होतं. म्हणजे जे परदेशी पाठवायलाही घडवलं जात होतं, तेच आज पाठवता येत नाही!

तेव्हा वय ठरवायचं तर घराण्याच्या आख्यायिकेपासून सुरुवात करू नका, पलंग उलटा करून बघा. खिळे चौकोनी, हाताने घडवलेले आहेत की तारेचे गोल? पाठीमागे प्लायवूड आहे का? असेल तर तो भाग विसाव्या शतकातला. मग कागद: वाटणीपत्र, सुताराची पावती, तारीख घातलेला लग्नातला फोटो.

लष्करी घराण्यांत आणखी एक प्रकार सापडतो, आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा. पितळी कोपऱ्यांची, मधोमध दोन तुकडे होणारी कपाटपेटी. कड्या लाकडात बुडवलेल्या, म्हणजे बैलगाडीत किंवा उंटावर दोरीत अडकू नयेत. पाय पिळून काढता येणारे. १८९८ च्या सुमारास रुडकीच्या लष्करी इंजिनियरांनी एक खुर्ची काढली. तिला सरस नाही, खिळा नाही, नुसते लाकडी दांडे, जाड कापड आणि चामड्याचे पट्टे. बोअर युद्धात ती आफ्रिकेत पोहोचली. १९३३ मध्ये डेन्मार्कच्या कोरे क्लिंटने तिच्यावरून आपली ‘सफारी’ खुर्ची बेतली. जन्मतःच प्रवासाला निघालेलं हे सामान. तुमच्याकडे असेल तर वय आधी तपासा, कारण यातलं बरंचसं रेघेपलीकडचं आहे.

आता एवढी यातायात कशासाठी, असं तरुण मंडळी विचारतात. तिकडे नवा पलंग मिळत नाही का? याचं उत्तर होसकोट्याच्याच इतिहासात आहे. १६३८ च्या मोहिमेनंतर आदिलशाहीकडून शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली, त्यात होसकोटे आणि कोलारही होतं. राजे १६६४ मध्ये वारले आणि इकडचा वारसा व्यंकोजीराजांकडे राहिला. १६७७ मध्ये शिवाजीमहाराज दक्षिणेत उतरले, तेव्हा त्यांनी धाकट्या भावाकडे वाटणी मागितली. सभासद बखरीप्रमाणे मागणी होती वडिलांच्या बारा बिरुदांची. व्यंकोजीराजे रातोरात निघून गेल्यावर महाराज जे बोलले त्याचा आशय असा, की मला बिरुदांची वाण नाही, पण वडिलांची वस्तू आपल्याजवळ असावी म्हणून मागितली. ज्याने स्वतःचं सिंहासन उभं केलं, त्याला बापाच्या खुणेची ओढ होती. मग न्यू जर्सीतल्या नातीला आजीच्या झोपाळ्याची असली, तर हसायचं कशाला? (याच होसकोट्याजवळ १७६८ मध्ये हैदरने मुराररावांच्या छावणीवर रात्री छापा घातला होता. त्यावर वेगळा भाग करू.)

आणि कायदा कडक का, त्याचाही दाखला फार लांब नाही. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं. टिपूचं सिंहासन लुटीची वाटणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी फोडून टाकलं, कारण सैन्याला हिस्से द्यायचे होते. खुद्द गव्हर्नर जनरल वेलस्लीला ते अख्खं राजाला पाठवायचं होतं. तो हळहळला, पण तुकडे झालेले होते. सोनेरी वाघाचं मुंडकं आणि हुमा पक्षी आज विंडसरला आहेत. सैनिक म्हणून सांगतो, लुटीचा हिस्सा हा तेव्हा रीतसर हक्क होता, आणि म्हणूनच असा कायदा लागतो. फक्त सिंहासन आणि आजीचा पलंग एकाच तराजूत तोलले जातात, हे मला पटत नाही.

वस्तू शंभरीच्या आत असेल, तर ती पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्या. बंगळूरला त्यांचं मंडळ कार्यालय आहे. चारी बाजूंचे फोटो आणि मापं लागतील. वाद झाला तर महासंचालकांचा किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम.

एवढ्यावर सुटका नाही. शिसव म्हणजे डाल्बर्जिया. २ जानेवारी २०१७ पासून हे जवळजवळ सगळं कूळ सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. दहा किलोपर्यंतच्या लाकडाला सूट आहे, पण पलंग काही दहा किलोत बसत नाही. त्यामुळे परवाना. सागवानाला ही अट नाही. म्हैसुरी पद्धतीचं जडावकाम असेल आणि त्यात हस्तिदंत निघाला, तर कंटेनरचा विचारच सोडा. बांधणीच्या लाकडी खोक्यावर उष्णतेच्या प्रक्रियेचा शिक्का हवा, गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं. ऑस्ट्रेलियात तर भुंग्याचं एक भोक दिसलं तरी माल अडतो.

झोपाळ्याच्या कड्या, पाट, चौरंग, छोटा देव्हारा यांचा विचार आधी करावा, असं मी सांगतो. वय त्यांचंही तपासावं लागतंच, पण वजन कमी, जागा कमी, आणि घरात रोजचा हात यांनाच लागलेला असतो. मोठा कोरीव पलंग रेघेपलीकडचा निघाला, तर तो इथल्या भावाकडे, बहिणीकडे राहू द्या. कोकणातल्या दमट हवेत मुरलेलं लाकूड तिकडच्या हीटर लावलेल्या घरात पहिल्याच हिवाळ्यात तडकतं, सांधे उघडतात, आणि तो सांधणारा सुतार तिकडे शोधावा लागतो.