कार्ल्याच्या स्तंभांवरील यवन दाते

लोणावळ्यापासून सुमारे 10 किलोमीटरांवर, मावळातील वेहेरगावाच्या डोंगरात, कार्ल्याचे चैत्यगृह आहे. शिलालेखांत या स्थानाचा उल्लेख ‘वलुरक’ असा येतो. कोकणातील बंदरांवरून घाट चढून देशावर येणाऱ्या व्यापारी मार्गानजीक, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ते पूर्णत्वास गेले. त्याच्या शिल्पवैभवाचे वर्णन पुष्कळ झाले आहे. प्रस्तुत टिपणाचा विषय निराळा आहे. परक्या वंशाचा मनुष्य स्थानिक समाजात कोणत्या रीतीने सामावला गेला, याविषयी येथील दानलेख काय सांगतात, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

चैत्यगृहाच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी 15 शिल्पमंडित स्तंभ आहेत. त्यांपैकी अनेकांवर दात्यांची नावे कोरलेली आढळतात. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटाचा गंधिक सिंहदत्त, सोपाऱ्याचा एक भिक्षू, महादेवणक नामक गृहस्थाची माता भायिला अशी मंडळी या वास्तूतील लेखांत भेटतात. द्वार घडविणारा सुतार सामी याचेही नाव त्यांत आहे. याच मालिकेत सिहधय, धम्म, यसवधन इत्यादी दाते स्वतःस धेनुकाकटाचे ‘यवन’ म्हणवितात. धेनुकाकट नेमके कोठे होते, याविषयी विद्वानांत एकमत नाही.

या लेखांत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. दात्यांची नावे भारतीय आहेत, भाषा प्राकृत आहे, लिपी ब्राह्मी आहे. म्हणजे नाव, भाषा आणि उपासना या तिन्ही बाबतींत ते येथलेच झाले होते. तरीही ‘यवन’ हे विशेषण त्यांनी गाळलेले नाही. परकेपणा लपविणे आवश्यक असते, तर ते दगडावर कायमचे कोरविण्याचे कारण नव्हते. श्रेष्ठी, गंधिक आणि यवन यांची दाने एकाच वास्तूत नांदतात. समावेशासाठी मूळ ओळख पुसण्याची अट येथे दिसत नाही. नहपानाचा जामात शक उषवदात याने वलुरकच्या भिक्षूंना करजिक गाव दिले, ते ‘चातुर्दिश संघा’साठी. चारही दिशांच्या प्रव्रजितांना आपले मानणाऱ्या या संस्थेत परक्या दात्यास स्थान मिळावे, हे तिच्या स्वरूपास धरूनच होते.

तथापि या पुराव्याच्या मर्यादा ध्यानी घेतल्या पाहिजेत. दान देण्याइतके धन ज्यांच्यापाशी होते, त्यांचीच नावे बहुधा टिकली. रोटीबेटी व्यवहाराविषयी हे लेख मूक आहेत. शिवाय नाशिक येथील गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या पुत्राची स्तुती शक, यवन व पह्लव यांचा संहारक आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविणारा अशी केली आहे. राजप्रशस्तीतील यवन उच्छेदास पात्र ठरतो, तर स्तंभावरील यवन सहधर्मी ठरतो. केवळ प्रशस्तीवरून तत्कालीन समाजाची कल्पना करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

पुढे मराठीत ‘यवन’ शब्दाचा अर्थ पालटला. तो मुसलमानांस, आणि पुष्कळदा शत्रुभावाने, लावला जाऊ लागला. हा उत्तरकालीन अर्थ मनात ठेवून कार्ल्याचे लेख वाचल्यास त्यांतील साधे वाक्य आपणांस चमत्कारिक वाटते. कोरणाऱ्यास मात्र त्यात चमत्कारिक काही वाटले नसावे. एका गावचा रहिवासी, वंशाने यवन, त्याने एक स्तंभ दिला, इतकीच त्याची नोंद आहे.