दयेकडून हक्काकडे

राजा दयाळू असला म्हणजे प्रजेचें भागतें, असें आपण सहज म्हणतों. परंतु तो राजा गेला, किंवा तें राज्यच गेलें, तर गरिबाचा आधार कोठें उरतो?

सोव्हिएट संघांत पाळणाघर, विश्रामगृह, पुष्कळदां राहतें घरसुद्धां कारखान्यामार्फत मिळे. १९९१ सालीं तें राज्य मोडलें. कारखाने बंद पडूं लागले, तसा हा आसराही तुटला. महागाईनें निवृत्तिवेतनांचें मोल उरलें नाहीं. पंधरा देशांना निवृत्तिवेतन व बेकारभत्ता यांची घडी नव्यानें बसवावी लागली.

कोल्हापूरनेंही राज्याचा अस्त पाहिला आहे. १८९४ सालीं शाहू महाराजांच्या हातीं अधिकार आले, आणि लवकरच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. महाराजांनीं स्वस्त धान्याचीं दुकानें काढलीं, दुष्काळी कामें सुरू केलीं आणि तेथें राबणाऱ्या स्त्रियांच्या मुलांची सोय लावली. त्या उपकाराचें मोल कोण कमी करील? तथापि उपाशी मजुराला तो हक्कानें मागतां येत नव्हता. पुढें राज्याच्या नोकरींतील निम्म्या रिकाम्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं, हा १९०२ चा हुकूम आणि १९१७ चें सक्तीचें मोफत प्राथमिक शिक्षण यांनीं महाराजांच्या कळवळ्याला नियमाचें रूप आलें. महाराज १९२२ सालीं निवर्तले. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें.

पुढचें पाऊल शेजारींच पडलें. सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत १९६५ सालीं वि. स. पागे यांच्या प्रेरणेनें मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२-७३ च्या दुष्काळानें त्याची निकड पटविली. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा होऊन २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता देणें सरकारवर बंधनकारक झालें. पैशाची तजवीजही कायद्यानेंच झाली : १९७५ सालीं नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसायकर बसला, आणि या हमीसाठीं गोळा होणाऱ्या करांइतकीच भर सरकारनें घालावी असें ठरलें. २००५ सालीं केंद्रानें असाच कायदा केला, त्यापूर्वीं महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

अर्थात् कायदा झाला म्हणून चूल आपोआप पेटत नाहीं. मजुराची मागणी कोणी नोंदवूनच घेतली नाहीं, तर त्याला भत्ताही मिळत नाहीं. परंतु त्या वेळीं तो दरबारीं अर्ज करणारा याचक नसतो. आपलें देणें मागणारा नागरिक असतो. शहरांतील पगारदारानें व्यवसायकराची ती लहानशी वजावट पाहतांना एवढें ध्यानांत ठेवावें.