उपवासाच्या ताटातील पाहुणा

रत्नागिरीहून लग्न होऊन मी वर्ध्यास आले, तेव्हा पहिल्याच बाजारात माझी फजिती झाली. मी बटाटे मागितले. भाजीवाली हसून म्हणाली, "आलू म्हणा ना, बाई!" वस्तू एकच, नावे मात्र दोन. पुढे त्यामागची हकीकत वाचनात आली, ती भगिनींपुढे ठेवते.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला. पेरू आणि बोलिव्हियाकडील डोंगरी लोक तो हजारो वर्षांपासून पिकवीत आले आहेत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. हा परका कंद खाण्यास तेथील पुष्कळ लोक प्रथम धजत नसत. प्रशियाच्या फ्रेडरिक राजास तर १७५६ साली लागवडीचा हुकूम काढावा लागला!

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो पोर्तुगीजांबरोबर आला. 'बटाटा' हे नावही त्यांचेच. संस्कृतात कंदाला 'आलुक' म्हणत. उत्तरेत तेच जुने नाव या नव्या कंदाला मिळाले आणि आपल्या विदर्भातही तेच रूढ झाले. आज चीनच्या खालोखाल सर्वांत अधिक बटाटा भारतात पिकतो.

आता एकादशीचे ताट पाहा. बटाटा, शेंगदाणा, मिरची हे सारे अमेरिकेतले. साबुदाणा ज्या कंदाचा करतात, तोही तिकडचाच. आमच्या आत्याबाई उपवासाला कांद्यास शिवू देत नसत. कांदा आपल्याकडे शतकानुशतकांचा, तरी तो वर्ज्य. आणि सातासमुद्रापलीकडचा बटाटा मात्र पवित्र! हा निवाडा कोणत्या ऋषींनी दिला? घरोघरच्या बायकांनीच तो दिला असावा, असे मला वाटते. पोटाला आधार देणारा पाहुणा त्यांनी मुकाट्याने घरात घेतला.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण इतके उदार झालो नाही. आपल्या वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजी बजाज यांनी १९२८ साली अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले केले. परदेशी कंद देवाच्या उपवासाला चालत होता, तेव्हा गावचीच माणसे देवळाबाहेर उभी होती.

आणि आजही हळदीकुंकवाच्या दिवशी आपल्याच शेजारची एखादी विधवा भगिनी दार लोटून घरात बसून राहते. यंदा तिला बोलावण्यास मी स्वतः जाणार आहे. माझ्याबरोबर कोण कोण येता?