अवतरणचिन्ह आणि पूर्णविराम

आकाशवाणीवरून बोलतांना अवतरणचिन्ह ऐकूं येत नाहीं. तरीहि दुसऱ्याचे शब्द कोठें संपले हें मराठी कानाला कळतें. कारण आपण ‘असें तो म्हणाला’ असें म्हणतों. त्या ‘असें’मध्येंच चिन्ह दडलेलें असतें. संस्कृतांत हें काम ‘इति’ करी. पेशवाईच्या मोडी पत्रांत तें ‘म्हणोन’कडे आलें. आलेल्या पत्रांतील मजकूर उतरून घ्यावा, शेवटीं ‘म्हणोन लिहिलें, त्यास’ असें घालावें आणि मग आपल्या उत्तराकडे वळावें, ही कारकुनांची वहिवाट. ओळ अखंड धांवे, शब्दसुद्धां सुटे नसत. पण परक्याचें बोलणें कोठें संपलें तें या एका शब्दानें कळे. वसईच्या मोहिमेंत (१७३७-३९) आमच्या भाईंदरच्या खाडीवरून असे किती कागद गेले असतील! अमुक वचन शत्रूचें कीं आपल्याच माणसाचें, यावर तेव्हां पुढील मसलत ठरे.

मग छापखाना आला. १८३२ सालीं बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ इंग्रजी व मराठी मजकूर शेजारीं शेजारीं घेऊन निघालें. १८५० मध्यें मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ आली. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामांतील सहकारी ते हेच. मराठीनें कोठें थांबावें हें एका इंग्रजानें शिकवावें, याचें कित्येकांस वैषम्य वाटतें. मला वाटत नाहीं. हिंदीनें वाक्यान्तीं दंड राखला, आपण टिंब घेतलें, एवढेंच.

मात्र चिन्हांबरोबर इंग्रजींतील एक भांडणहि आपल्या घरीं आलें: विराम अवतरणाच्या आंत कीं बाहेर? अमेरिकन मुद्रक स्वल्पविराम व पूर्णविराम, अर्थ कांहींहि असो, आंतच घालतात. फाउलर बंधूंनीं १९०६ च्या ‘द किंग्ज इंग्लिश’मध्यें अर्थ पाहून चिन्ह ठेवण्याचा पक्ष घेतला. मराठीस तोच मानवतो. “तूं येतोस का?” असें त्यानें विचारलें. येथें प्रश्न त्याचा, म्हणून चिन्ह आंत. तो खरेंच “येतों” म्हणाला का? येथें प्रश्न माझा; चिन्ह बाहेर.

पूर्णविरामाचें प्रकरण अधिक नाजूक आहे. एखादा वक्ता म्हणतो, “मला ही योजना मान्य आहे, पण खर्च झेपणार नाहीं.” वृत्तांत छापून येतें, वक्ते म्हणाले, “मला ही योजना मान्य आहे.” एकहि शब्द खोटा नाहीं, परंतु आंतला तो पूर्णविराम वक्त्यानें दिलेला नाहीं, तो वार्ताहराचा आहे. त्याला तेवढेंच वाक्य हवें असेल, तर ‘आहे’पुढें तीन टिंबें द्यावींत आणि मगच अवतरण मिटवावें.